शनिवार-रविवारची कॉमिक शाळा : वाचकांचे प्रश्न

साताऱ्यात मी मुलांसाठी दोन दिवसांची कॉमिक कार्यशाळा घेते. मागच्या अंकात तिच्याबद्दल चार ओळी काय आल्या, टपाल एकदम वाढलं. दहा ते सोळा वयाची मुलं, शनिवारी सकाळी हातात कोरा कागद, रविवारी संध्याकाळी स्वतःचं झेरॉक्स केलेलं इवलंसं कॉमिक, एवढंच तिचं स्वरूप. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण निम्म्या पत्रांत पालकांनी मुलांच्या तक्रारी केल्यात आणि उरलेल्यांत मुलांनी पालकांच्या.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवायचं आहे. क्लासचे सर म्हणतात, कॉमिक काढून हात बिघडतो. खरं का? — एक आई, नाशिक

हात बिघडत नाही हो. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि आकाशात ‘४’च्या आकड्यासारखे पक्षी, हे एकच चित्र पहिलीपासून काढून हात बिघडतो.

सरांचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही. एलिमेंटरीत वस्तुचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं. कॉमिक काढून कंपास हातात बसत नाही, घडा आणि वांगी यांची छायाही जमत नाही. त्यासाठी समोर वस्तू मांडून बसायला हवं आणि तिथे सरच हवेत. पण स्मरणचित्राचा पेपर बघा. विषय येतो बाजार, बसस्टॉप, पावसाळ्यातला दिवस असा काहीतरी. समोर काहीच नसतं, सगळं डोक्यातून काढायचं. बहुतेक मुलांच्या चित्रात सगळी माणसं राष्ट्रगीताला उभी असल्यासारखी, तोंडं आपल्याकडे. कॉमिक काढणाऱ्या पोराने एव्हाना पाठमोरा माणूस काढलेला असतो, वाकून चप्पल शोधणारा काढलेला असतो, वरून बघितलेली रांगही काढलेली असते, कारण त्याच्या गोष्टीला ते लागलेलं असतं. त्याला बाजार द्या, तो बाजार भरवेल.

आणि हात म्हणाल, तर पुण्याच्या प्रताप मुळीकांनी ‘अमर चित्र कथा’साठी केलेला एखादा जुना अंक रद्दीवाल्याकडे शोधा आणि मुलासोबत बसून नीट बघा. घोड्याची मान, ताणलेला दंड, धोतराच्या निऱ्या. त्याच मुळीकांनी पुढे हिंदी कॉमिकमधला नागराजही काढला. दिलीप कदम, राम वाईरकर हीही त्याच परंपरेतली माणसं. यांतल्या कुणाचा हात बिघडलेला मला तरी दिसला नाही. परीक्षा द्यायला लावा, दहावीला त्यापुढच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात ते सोडू नका. फक्त रविवारचा कागद त्याचा त्याला राहू द्या.

प्रश्न : माझ्या कॉमिकची गोष्ट तयार आहे. सात राज्यं, त्यांचे नकाशे, एकवीस पात्रं, प्रत्येकाची शक्ती आणि शस्त्र, सगळं लिहून वही भरली आहे. पण तीन पानं काढली की मला कंटाळा येतो आणि मी दुसरीच गोष्ट सुरू करते. काय करू? — आठवीतली मुलगी, चिपळूण

वही कपाटात ठेव. टाकू नकोस, कामाला येईल. आत्ता मात्र एकविसांपैकी वीस जणांना घरी पाठव, उरलेल्या एकाला छोटंसं काम दे आणि ते काम चार चौकटींत संपव.

कंटाळा येतो म्हणजे तू आळशी आहेस असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नकोस. हिशेबच चुकलेला आहे. एक पान नीट करायचं, म्हणजे आधी कच्चं, मग पेन्सिल, मग अक्षरं, मग शाई, तर तुझ्या वयात एक अख्खा दिवस जातो. शाळा आणि ट्यूशन सांभाळून आठवड्याला एक पान झालं तरी पुष्कळ. सात राज्यांचं युद्ध दोनशे पानांत आटोपलं असं धरलं, तरी ते संपेपर्यंत तुझी बारावी झालेली असेल आणि पहिल्या पानावरची राजकन्या तुला बघवणार नाही. जपानी मांगा तू वाचत असशील. ती हजारो पानं एकट्या माणसाच्या हातची नसतात. मागची घरं-झाडं काढायला, काळं भरायला मदतनीस बसलेले असतात.

म्हणून आमच्याकडे शनिवारी पहिलं काम ठरलेलं : कालच्या दिवसात घरी घडलेली, दोन मिनिटांत सांगून होईल अशी गोष्ट. भूत, राक्षस, अंतराळ सगळं बंद. मुलं खट्टू होतात. ‘आमच्या घरी काही घडतच नाही’ म्हणतात. थोड्या वेळाने कुणीतरी पुटपुटतं, ‘ताई, आमच्याकडे दूध उतू गेलं होतं.’

ते दुधाचं कॉमिक तुला सांगतेच. मुलाने आधी सहा चौकटी आखल्या होत्या. पहिलीत आई म्हणते, ‘दुधाकडे बघ, मी कपडे वाळत घालून येते.’ दुसरीत मुलगा ओट्याशी हाताची घडी घालून उभा. तिसरीत खिडकीत कावळा. चौथीत मुलगा कावळ्याकडे बघतोय. पाचवीत दूध भस्सकन वर येऊन ओट्यावर सांडतंय. सहावीत आई ओरडतेय, मुलगा रडतोय, ‘परत असं करणार नाही.’

मी म्हटलं, पाचवी चौकट हाताने झाकून शेजारणीला वाचायला दे. तिने वाचलं. चौथीवरून थेट सहावीवर गेली आणि फिस्सकन हसली. दूध कुणी दाखवलंच नव्हतं, तरी तिच्या डोळ्यांपुढे ते उतू गेलं. मग पाचवी कायमची गेली. मागोमाग सहावीतलं रडणं आणि भाषण त्याने स्वतःहूनच खोडलं. तिसरी-चौथी एकत्र झाली : डाव्या कोपऱ्यात कावळा, त्याच्याकडे वळलेलं डोकं आणि उजव्या कडेला अर्धं कापलेलं पातेलं. शेवटच्या चौकटीत फक्त आईचा बांगड्यांचा हात, ओलं फडकं आणि ओटा. मुलगा त्यात नाहीच. तो कुठे पळाला असेल हे ज्याने त्याने आपल्या घरच्या अनुभवावरून ठरवावं.

दोन चौकटींमध्ये पांढरी पट्टी असते ना, तिला या धंद्यात गटर म्हणतात (नाव काही फार बरं नाही). त्या पट्टीत वाचक काम करत असतो. कुठली चौकट काढायची हे सगळेच शिकवतात, पण कुठली गाळायची हे चार चौकटींची गोष्ट पूर्ण केल्याशिवाय कळत नाही. तीन पानांवर सोडलेल्या दहा गोष्टींतून तर नाहीच, कारण शेवट आल्याशिवाय मधलं काय फालतू होतं ते दिसत नाही.

तेव्हा चार चौकटींचं एक पूर्ण कर, मग एका पानाचं, मग आठ पानी. तुझ्या सात राज्यांतल्या एखाद्या सेनापतीचंच दूध उतू जाऊ दे की!

प्रश्न : मला गोष्टी सुचतात पण चित्र अजिबात येत नाही. मी आलो तर चालेल का? — नववीतला मुलगा, गडहिंग्लज

चालेल का काय, ये. काड्यांची माणसं काढता येतात ना? गोल डोकं, एक रेघ पोट, चार रेघा हातपाय? पुरे. फक्त कोण कोण आहे ते कळायला हवं : एकाला टोपी, एकीला वेणी, एकाला पोट.

‘टिंकल’ या मुलांच्या कॉमिक नियतकालिकातला शिकारी शंभू घे. वसंत हळब्यांनी त्याची टोपी अशी खाली ओढली की डोळे दिसतच नाहीत. चेहऱ्यातला सगळ्यात बोलका भाग झाकून टाकला, तरी तो घाबरलाय की फुशारकी मारतोय हे लहान पोरालाही समजतं, कारण बाकीचं काम मिशा, गुडघे आणि बंदूक धरायची तऱ्हा करते. त्यातल्याच वेंधळ्या सुप्पंडीच्या गोष्टी तर मुळात तमिळनाडूतल्या एका वाचकाने लिहून पाठवल्या होत्या, त्याला रूप दिलं राम वाईरकरांनी. ‘चिंटू’ पुण्यात १९९१ साली सुरू झाला तोही दोघांचा मिळून, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. तेव्हा गोष्टवाला आणि चित्रवाला वेगळे असणं यात काही कमीपणा नाही.

अजून एक सांगते. एकोणिसाव्या शतकात जिनिव्हात रुडॉल्फ टॉप्फर नावाचे एक मास्तर होते. व्हायचं होतं चित्रकार, पण डोळ्यांनी दगा दिला. मग शाळा चालवली आणि पोरांच्या करमणुकीसाठी वेड्यावाकड्या रेघांत, खाली मजकूर लिहून, चित्रांच्या गोष्टी काढल्या. १८३०च्या दशकात त्या छापल्या गेल्या आणि आज कॉमिकचा इतिहास लिहिणारे बरेचजण सुरुवात त्यांच्यापासून करतात. रेघ त्यांचीही काही देखणी नव्हती.

येताना मात्र गोष्ट पाठ करून येऊ नकोस. आल्यावर बदलावीच लागते.

प्रश्न : मी मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. चौतीस मुलं आहेत, साहित्याला पैसे नाहीत. तुमच्यासारखी कार्यशाळा शाळेतच घ्यायची तर कशी? — एक शिक्षक, मोखाडा

सर, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. लागतं ते असं : मुलागणिक ए-फोरचे दोन कागद, पेन्सिल, खोडरबर, काळं बॉलपेन किंवा जेलपेन, सगळ्यांत मिळून दोन-तीन कात्र्या आणि रविवारी जवळच्या गावातला एक चालू झेरॉक्सवाला. रंग नकोत. रंग दिसले की मुलं गोष्ट सोडून शर्ट रंगवत बसतात.

एका कागदाचं आठ पानी पुस्तक होतं, शिवण नाही, पिन नाही. कागद आडवा धरा. उभ्या तीन घड्या घालून चार रकाने पाडा, मधून एक आडवी घडी घाला. उघडल्यावर आठ घरं दिसतील. आता कागद रुंदीतून एकदा दुमडा, म्हणजे डावी बाजू उजवीवर येईल. दुमडीच्या बाजूने मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवा, पण पहिल्या उभ्या घडीपर्यंतच. उलगडलंत की कागदाच्या पोटात एक चीर दिसेल, कडा शाबूत. मग आडव्या घडीवर दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. चीर उघडते, फुली होते, ती मिटली की पुस्तक. प्रत्येक पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटर, शर्टाच्या खिशात मावणारं.

पानांचे आकडे इथे चुकतात, म्हणून नीट बघा. चीर आडवी ठेवून कागद समोर पसरला की खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ आणि वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४. वरच्या ओळीतली चित्रं उलट्या डोक्याने काढायची, म्हणजे कागद फिरवून. १ हे मुखपृष्ठ, ८ मलपृष्ठ. आधी एक कोरं पुस्तक घडी करून त्यावर पेन्सिलीने आकडे घालायला लावा, मग उलगडून त्यावरच काढू द्या. चारी बाजूंना बोटभर जागा सोडा, झेरॉक्सचं मशीन कडा खातं. एकाच बाजूला छापायचं असल्याने एक प्रत म्हणजे एक झेरॉक्स.

चौतीस पुस्तकं जड वाटत असतील तर दुसरी वाट भिंतीची. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने ही पद्धत गावोगाव नेली : ए-फोरचे दोन कागद चिकटवून एक भित्तिपत्र, त्यात चार चौकटी, एक प्रश्न. झेरॉक्स काढायची आणि चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बसथांब्यावर लावायची. चार-चार मुलांचा गट केलात तर आठ-नऊ भित्तिपत्रं होतील. विषय त्यांनाच निवडू द्या. हापशी नादुरुस्त आहे, एसटी येत नाही, वडील हंगामात वीटभट्टीवर गेले की शाळा सुटते. मोठ्या माणसांना तोंडावर सांगता येत नाही ते पोरं चौकटीत बिनधास्त सांगतात, एवढी तयारी मात्र ठेवा.

चौकटी आखायला शिकवण्याची घाई करू नका. तुमच्या वर्गात वारली घरांतली मुलं असतील. त्यांनी भिंतीवर बघितलेलं चित्र म्हणजे भातलावणी, मळणी, लग्न, तारपा या वाद्याभोवतीचा नाच, सगळं एकाच पटावर, मध्ये रेघ नाही. ती मुलं त्याच रीतीने गोष्ट सांगू लागली तर सांगू द्या. डॉ. आंबेडकरांच्या जीवनावर ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक २०११मध्ये आलं, ते मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी काढलं. त्यात ठोकळेबाज चौकटी नाहीत. पान त्यांच्या दिग्णा नावाच्या पारंपरिक नक्षीने विभागलंय. बोलण्याचे फुगेही त्यांचेच : गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. चहा पिता पिता ते पुस्तक चाळावं असं नाही, पण वर्गात एकदा दाखवाच. आपल्याच राज्यात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्ट्या कागदांवर एकेक प्रसंग, तो समोर धरून गात गात कथा सांगायची आणि पुढचा कागद काढायचा. परशुराम गंगावणे यांना त्यासाठीच पद्मश्री मिळाली. रविवारी पुस्तकं तयार झाली की मुलांनाही तसंच उभं करा, एकेक पान दाखवत वाचू द्या. भाषा त्यांच्या घरची असू द्या. शुद्धलेखन सोमवारी.

प्रश्न : कॉमिक इंग्रजीत लिहिलं तर फुग्यात बसतं, मराठीत लिहिलं की गिचमिड होते. उपाय? — कॉलेजविद्यार्थिनी, फोंडा

तू अक्षर आधी लिहितेस की फुगा आधी काढतेस? मला वाटतं, फुगा आधी. सगळेच तसं करतात. मग त्यात शब्द कोंबतात, शेवटची ओळ मुंगीएवढी होते.

क्रम उलटा कर. पेन्सिलीने चौकट आखली की माणसं काढायच्याही आधी संवाद लिहून घे, त्याभोवती फुगा ओढ आणि उरलेल्या जागेत माणसं उभी कर. दुसरं, इंग्रजीची मोठी अक्षरं एका उंचीची असतात, ओळीखाली ओळ चिकटवली तरी चालतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतला ‘तू’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’वर आदळतो. म्हणून दोन रेघा आख, एक शिरोरेषेची आणि एक अक्षराच्या पायाची. अक्षराची उंची चार मिलिमीटर ठेवलीस तर पुढच्या शिरोरेषेपर्यंत जवळपास तेवढीच जागा मोकळी सोड. आधी उधळपट्टी वाटेल. झेरॉक्सवर बघ, मग पटेल.

शब्द तोडू नकोस. मराठीत प्रत्यय चिकटून चिकटून ‘स्वयंपाकघरातल्यासारखं’ असं काहीतरी होऊन बसतं आणि ते एकट्यानेच फुगा खातं. तिथे वाक्यच बदलायचं. एका फुग्यात दोन वाक्यांपेक्षा जास्त आली तर एक वाक्य चित्राला देता येतं का बघ : ‘मला खूप राग आलाय’ लिहिण्यापेक्षा कप आपट. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे आणि वर, उत्तर देणाऱ्याचा उजवीकडे आणि थोडा खाली. शेपटी तोंडाच्या रोखाने, पोटाच्या नव्हे.

आणि आवाज! मुलं अजूनही ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ लिहितात. आपल्याकडे धप्, खळ्ळ, चर्र, सुर्र, टण्ण, फट्, भस्स एवढा खजिना पडलाय. आवाज लिहिताना शिरोरेषाच वाकडी कर, ‘खळ्ळ’ची रेघ फुटलेल्या काचेसारखी मोडता येते, ‘सुर्र’ची लांबवता येते. इंग्रजी अक्षरांना ही सोय नाही. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं शोधून बघ, नुसत्या अक्षरांच्या चालीवरून नाटक विनोदी की गंभीर ते कळतं.

एवढं करूनही गिचमिड होत असेल तर व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची जुनी मुखपृष्ठं समोर ठेव. एक अक्षर नाही, आणि समजायचं काही बाकी राहत नाही.

प्रश्न : मुलगी दिवसभर जपानी ॲनिमेतली मोठ्या डोळ्यांची तोंडं कॉपी करत बसते. स्वतःचं काहीच नाही. तिला यातून बाहेर कसं काढू? — एक बाबा, ठाणे

काढू नका. कॉपी करूनच हात तयार होतो. फक्त एक विचारा : ‘हिला आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये अडकव ना.’ तोंडं कॉपी करता येतात, पण लिफ्टमध्ये अडकलेलं ते पात्र कुठे कॉपीला मिळणार? तिथे तिला स्वतः विचार करावा लागेल. लिफ्टचं दार, सोबत अडकलेले काका, त्यांच्या हातातली भाजीची पिशवी हे सगळं तिचं तिलाच काढावं लागेल.

एका मुलाची गंमत सांगते. त्याचं पान वाचताना सगळ्यांचा गोंधळ उडत होता, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. मांगा वाचून वाचून त्याने चौकटी उजवीकडून डावीकडे लावल्या होत्या! मी बदलायला नाही लावलं, मुखपृष्ठावर एक बाण काढायला सांगितला. मराठी शब्द मात्र डावीकडून उजवीकडे आणि चौकटी उजवीकडून डावीकडे, असं ते अफलातून पुस्तक माझ्याकडे आहे.

प्रश्न : एआयकडून चित्रं काढून घेतली आणि गोष्ट स्वतः लिहिली तर कार्यशाळेत चालेल का? — दहावीतला विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

नाही. दारात एक टोपली आहे, मोबाइल त्यात जातात.

तुझा प्रश्न टाळत नाही. वर दुधाच्या कॉमिकमध्ये मुलाने पातेलं अर्धं कापलं, मुलाला शेवटच्या चौकटीतून काढून टाकलं. हे निर्णय म्हणजेच कॉमिक. ते तू हाताने घेत नाहीस तोवर यंत्राने दिलेलं चित्र चांगलं आहे की नुसतंच चकचकीत, हे तुला ओळखू येणार नाही. पुढे मोठा झाल्यावर काय वापरायचं ते तुझं तू ठरव. दोन दिवस पेन्सिलीने काही बिघडत नाही.

प्रश्न : भाचीला यातच पुढे जायचं आहे. यात करिअर आहे का? स्पष्ट सांगा. — एक मावशी, सोलापूर

स्पष्टच सांगते. मराठीत फक्त कॉमिक काढून घर चालवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. पण कॉमिकमधून जे कौशल्य येतं, म्हणजे गोष्टीचे तुकडे पाडून क्रमाने दाखवणं, ते विकलं जातं. सिनेमा आणि जाहिरातींचे स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी काढलेले चौकटींचे आराखडे), ॲनिमेशन, मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकांतली चित्रं, आरोग्य किंवा बँकेची माहितीपत्रकं. मीही पोट भरते ते यातल्याच कामांवर. कॉमिक रात्री.

शिक्षणाच्या दृष्टीने मुंबईचं जे. जे., अहमदाबादची एनआयडी, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची नावं तिने ऐकली असतीलच. प्रवेशाच्या वेळी विचार करण्याची रीत बघतात आणि काही ठिकाणी जुनं कामही, म्हणून तिची जुनी कॉमिक फेकू नका, तारीख घालून जपून ठेवा. ‘इंडी कॉमिक्स फेस्ट’ नावाचा मेळावा वेगवेगळ्या शहरांत भरतो, तिथे तरुण मुलं स्वतः छापलेली कॉमिक टेबल मांडून विकतात. एकदा तिला तिथे घेऊन जा आणि टेबलांमागच्या मुलांना तुमचा हाच प्रश्न विचारा. ती माझ्यापेक्षा खरं सांगतील. घरी ‘किशोर’ लावा. १९७१पासून बालभारती काढतेय आणि मराठीत चांगले चित्रकार कसं काम करतात ते दर महिन्याला बघायला मिळतं.

प्रश्न : कोणतं पेन आणू? बाबा म्हणतात महागाचं नको. — पाचवीतला मुलगा, वाई

बाबा बरोबर आहेत. दहा रुपयांचं काळं जेलपेन आण, निळं नको, झेरॉक्सवर निळं फिकट येतं. मोठं काळं भरायला मार्कर आम्ही देतो. शाई वाळेपर्यंत खोडरबर फिरवायचा नाही, नाहीतर सगळं फरफटतं. टाक-निब आणि बाटलीतली शाई माझ्याकडे आहे, रविवारी हात बसला की देईन. पांढरा शर्ट घालून येऊ नकोस.

प्रश्न : पालकांना मुलांसोबत बसता येईल का? — बरीच पत्रं

नाही. आई शेजारी असली की मूल आईला आवडेल तेच काढतं आणि बाबा शेजारी असले की घोडा बाबाच काढतात. रविवारी चार वाजता चहाला या. मुलं आपापली पुस्तकं मांडून बसलेली असतील, एका प्रतीचे पाच रुपये. स्वतःच्या मुलाची प्रत फुकट मागायची नाही, आणि शेजारच्या मुलाचीही एक घ्यायची. सुट्टे पैसे घेऊन या, कारण फोनने पैसे घेण्याची सोय मुलांकडे नाही आणि माझ्या डब्यातली नाणी पहिल्या दहा मिनिटांतच संपतात.